आपोआप बंद होऊन सुरू होणारा संगणक : कारणे, पारख आणि उपाय

एके काळी संगणक ही वस्तू मोठ्या शहरांतील संशोधन संस्था, बँका आणि सचिवालये यांच्यापुरतीच मर्यादित होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, तेव्हा तो ठेवण्यासाठी स्वतंत्र दालन लागत असे आणि त्याची निगा राखण्यास तज्ज्ञांचे पथक सज्ज असे. आज त्याहून कितीतरी पटींनी समर्थ असे यंत्र सिल्वासा शहरातील सदनिकेत, नरोलीच्या दुकानात, खानवेलच्या शाळेत अथवा रांधा-आंबोलीकडच्या कौलारू घरात एका टेबलावर मावते. यंत्र घरी आले. त्याची निगा राखणारे पथक मात्र घरी आले नाही. ती जबाबदारी आता कुटुंबातील व्यक्तींवरच येऊन पडली आहे.

घरगुती संगणकाविषयीच्या तक्रारींत सर्वांत बुचकळ्यात पाडणारी तक्रार म्हणजे चालू असलेला संगणक कोणीही हात न लावता अचानक बंद होणे व क्षणार्धात पुन्हा सुरू होणे. पडदा काळा पडतो, पंख्याचा आवाज थांबतो, लगेच यंत्र नव्याने जागे होते. आणि तोवर लिहिलेला मजकूर नाहीसा झालेला असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, वनहक्काच्या दाव्याचा मसुदा, शाळेचे निकालपत्रक किंवा दुकानाचा हिशेब शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी असा हातचा गेला, तर होणारी हानी केवळ यंत्राची नसते. अशा वेळी ‘मशीन जुने झाले, आता नवेच घ्या’ असा सल्ला सहज मिळतो आणि कष्टाने साठविलेले वीस-पंचवीस हजार रुपये खर्ची पडतात. वास्तविक पुष्कळदा दोष एखाद्या ढिल्या प्लगमध्ये, साचलेल्या धुळीत किंवा यूपीएसच्या जीर्ण बॅटरीत असतो. तो कसा हुडकावा, कोणते काम घरी करावे आणि कोणते जाणकारावर सोपवावे, याचा क्रमवार विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोग नव्हे, लक्षण

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताप हा जसा स्वतः रोग नसून शरीरात काही बिघडल्याची सूचना असते, तसेच संगणकाचे आपोआप सुरू होणे हेही एक लक्षण आहे. किंबहुना अनेकदा ती यंत्राने स्वसंरक्षणार्थ केलेली कृती असते. आतील वीज ठरलेल्या मर्यादेखाली गेली, मुख्य चिप अतिशय तापली किंवा कार्यप्रणालीला पुढे जाणे अशक्य झाले, तर अधिक हानी टाळण्यासाठी काम थांबविण्याची योजना त्यात केलेली असते. म्हणून लक्षण दडपण्याचा प्रयत्न न करता त्यामागचे कारण शोधले पाहिजे.

ही कारणे स्थूलमानाने पाच गटांत मोडतात : घरात येणारा वीजपुरवठा, संगणकातील वीज देणारा एसएमपीएस, उष्णता व धूळ, रॅम आणि इतर सुटे भाग यांचे ढिले वा ओलसर झालेले सांधे, आणि कार्यप्रणाली अथवा आज्ञावलीतील दोष. शोध याच क्रमाने, म्हणजे बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे, करावा. कार्यप्रणाली पुसून नव्याने बसविणे हा उपाय अनेक जण सर्वांत आधी करतात. तो वस्तुतः सर्वांत शेवटी करावयाचा उपाय आहे. कारण दोष भिंतीतील सॉकेटमध्ये असेल, तर कार्यप्रणाली दहा वेळा बसवूनही तो जाणार नाही.

पहिले साधन : वही आणि पेन्सिल

दुरुस्तीचे पहिले साधन स्क्रू-ड्रायव्हर नसून एक साधी वही आहे. संगणक आपोआप बंद पडेल त्या प्रत्येक वेळी तारीख, वेळ, तो किती वेळ चालू होता, त्यावर कोणते काम चालले होते, त्या क्षणी घरातील दिवा लुकलुकला काय, पाण्याचा पंप वा मिक्सर सुरू झाला होता काय आणि पडद्यावर काही अक्षरे उमटली काय, एवढे लिहून ठेवावे. आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांतून बहुधा एखादे सूत्र दिसू लागते.

समजा, सहापैकी पाच नोंदी सकाळी सहा ते सातच्या दरम्यानच्या आहेत आणि त्याच वेळी शेजारी विहिरीवरचा पंप सुरू होतो. मग संशयाचा काटा वीजपुरवठ्याकडे वळतो. समजा, संगणक दर वेळी चाळीस-पन्नास मिनिटांनी बंद पडतो आणि दुपारी तो अवधी वीस मिनिटांवर येतो. मग कारण उष्णतेचे असण्याचा संभव मोठा. मुलांनी चित्रमय खेळ सुरू केला की यंत्र बंद पडते, परंतु साध्या लेखनाच्या वेळी तासन्‌तास चालते, असे आढळले तर एसएमपीएस अपुरा पडतो किंवा चिप तापते, असे समजावे. एकही सूत्र दिसत नसेल आणि निळ्या पडद्यावर अक्षरे उमटत असतील, तर रॅम अथवा आज्ञावली तपासावी.

नोंद ठेवण्याने आणि शिस्तीने शोध घेण्याने काय साधते, याचे एक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्यावरील संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. कोट्यवधी किलोमीटर अंतरावरील यंत्राचे झाकण उघडून पाहणे शक्यच नव्हते. अभियंत्यांनी पृथ्वीवर त्याच्याच जोडीचे यंत्र घेतले, त्यावर तीच कामे तशाच रीतीने चालविली आणि बिघाड पुन्हा घडेपर्यंत प्रत्येक हालचालीची नोंद घेतली. त्यातून कारण हाती आले. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या एका दुय्यम कामाने सामायिक साधन अडवून धरले होते. मधल्या दर्जाची कामे त्या दुय्यम कामाला पुढे सरकू देत नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या साधनाची वाट पाहत ताटकळत होते. एखाद्या कार्यालयात शिक्का कनिष्ठ लिपिकाजवळ आहे, भेटीस आलेली मंडळी त्याला उसंत देत नाहीत आणि साहेब मात्र शिक्क्यावाचून खोळंबले आहेत, असाच तो प्रकार होता. मुख्य काम वेळेवर होत नाही हे पाहून यानातील पहारेकरी व्यवस्था संगणकच नव्याने सुरू करीत असे. कारण कळल्यावर पृथ्वीवरून एक छोटा बदल पाठविण्यात आला आणि यान सुरळीत चालू लागले.

आपल्या घरचा संगणक टेबलावर, हाताच्या अंतरावर आहे. मग तर हे काम अधिक सोपे असले पाहिजे.

वीजपुरवठा : शोधाची पहिली पायरी

आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असते. म्हणजेच एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. पुरवठा पूर्ण खंडित झाला तर संगणकातील एसएमपीएस स्वतःत साठविलेल्या विजेवर साधारणपणे सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरू शकतो. म्हणजे एका आवर्तनाएवढा काळही तो निभावेलच असे नाही. दिवा क्षणभर मंद होऊन पूर्ववत झाला आणि आपले लक्षही गेले नाही, तरी तेवढ्यात संगणक बंद होऊन नव्याने सुरू झालेला असू शकतो. ‘वीज तर गेलीच नव्हती’ हे म्हणणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

पंप, शीतकपाट किंवा पिठाच्या गिरणीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह क्षणभर खेचते. एकाच वाहिनीवर अशी यंत्रे असली की प्रत्येक वेळी दाब खाली येतो. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या पाड्यांत हा परिणाम अधिक जाणवतो. यासाठी संगणकाचा प्लग शीतकपाट व पंप यांच्याबरोबर एकाच बोर्डावर लावू नये.

यानंतर प्लग व सॉकेट पाहावे. सॉकेटमध्ये प्लग हलत असेल, त्यातून चरचर आवाज येत असेल, तो हाताला गरम लागत असेल किंवा त्यावर काळसर डाग दिसत असेल, तर सॉकेट बदलून घ्यावे. संगणकाच्या पेटीमागे खोचली जाणारी वायरही वर्षानुवर्षांच्या हालचालीने सैल होते. ती घट्ट बसवून पाहणे या उपायास एक पैसाही लागत नाही. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा जोडण्याची पद्धत सर्वथा टाळावी.

घरातील काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद होत असतील, तर न्यूट्रलची तार ढिली झाल्याचा संभव असतो. अशा वेळी एखाद्या भागात दाब धोकादायकरीत्या वाढतो. मुख्य स्विच तत्काळ बंद करून वीज वितरण कार्यालयास कळवावे. ही दुरुस्ती स्वतः करू नये. संगणकाच्या पेटीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग ठीक नाही असे समजून परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्यावे. उन्हाळ्यात मुरमाड, खडकाळ जमिनीतील अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा उपयोग कमी होतो. त्यात पाणी घालण्याची व्यवस्था ठेवावी.

यूपीएस आणि त्याची परीक्षा

वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरती उसंत मिळावी, हा यूपीएसचा मूळ हेतू होय. त्यातील शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी बहुधा दोन ते चार वर्षांत निकामी होते. उष्ण जागी त्याहूनही लवकर. गंमत अशी की, बॅटरी संपली तरी यूपीएसचा हिरवा दिवा अनेकदा लागलेलाच दिसतो. त्यामुळे घरातील मंडळी निश्चिंत राहतात आणि दोष संगणकाच्या माथी मारला जातो.

परीक्षा सोपी आहे. संगणक यूपीएसपासून काढून त्याजागी साठ वॉटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बचा टेबल-लॅम्प लावावा. दिवा लावून यूपीएसचा भिंतीतील प्लग काढावा. दिवा निदान काही मिनिटे तेवत राहिला तर ठीक. लगेच विझला किंवा डोळा मिटावा तसा लुकलुकला तर बॅटरी बदलावी. संपूर्ण यूपीएस टाकून देण्याची गरज बहुधा नसते. लेझर प्रिंटर मात्र घरगुती यूपीएसवर कधीही जोडू नये. तो तापताना घेतो तेवढा भार अशा यूपीएसला पेलत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्याजवळ लॅपटॉप आहे, त्यांना आणखी एक कसोटी उपलब्ध आहे. चार्जर काढून केवळ बॅटरीवर यंत्र चालवावे. तरीही ते आपोआप बंद होऊन सुरू होत असेल, तर घरच्या वीजपुरवठ्याला दोष देण्याचे कारण उरत नाही.

एसएमपीएस : संगणकाचे हृदय

भिंतीतून येणाऱ्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा स्थिर दाबात रूपांतर करणारी धातूची पेटी म्हणजे एसएमपीएस. या दाबांत पाच टक्क्यांहून अधिक फरक पडू नये असा दंडक आहे. म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ एवढेच चालते. दाब याखाली गेला की ‘वीज ठीक आहे’ ही आतील खूण नाहीशी होते आणि मदरबोर्ड काम थांबवितो.

यातील कपॅसिटर नावाचे नळकांडीसारखे भाग उष्णतेने हळूहळू सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ढोबळ आडाखा आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर जगभर वापरले गेले आणि लक्षावधी यंत्रे याच कारणाने अकाली बंद पडली. कपॅसिटरचा सपाट माथा फुगलेला किंवा त्यातून तपकिरी द्रव गळालेला दिसला, तर दोष सापडला असे समजावे. मदरबोर्डावरील कपॅसिटर झाकण काढून नुसते पाहता येतात. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यात तीनशे व्होल्टहून अधिक दाबाची वीज काही काळ साठून राहते आणि तिचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. ओळखीच्या दुकानदाराकडून दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून यंत्र एक-दोन दिवस चालवून पाहणे, ही येथे सर्वांत खात्रीची कसोटी होय.

आणखी एक किरकोळ वाटणारे कारण असे की, पेटीच्या दर्शनी भागावरील चालू करण्याचे किंवा ‘रीसेट’चे बटण धुळीने वा ओलाव्याने अडकून बसते. ते आपोआप दाबले जाते आणि यंत्र पुन्हा सुरू होते. या बटणाची बारीक तार मदरबोर्डावरून काढून ठेवून दिवसभर पाहिले, तर शंका फिटते.

उष्णता, धूळ आणि आपल्याकडील पावसाळा

दमणगंगेच्या खोऱ्यातील या प्रदेशाचे हवामान संगणकाची दोन्ही बाजूंनी परीक्षा घेते. उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छताखाली खोल्या भट्टीसारख्या तापतात, तर जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घरातील कपडेही वाळत नाहीत. रस्त्यांवरील व कारखान्यांच्या परिसरातील धूळ, चुलीचा धूर आणि देवघरातील उदबत्तीची काजळी पंख्याच्या पात्यांवर बसते, ओलाव्याने घट्ट होते आणि वारा आत जाण्याची वाट बंद करते.

उपाय घरगुती आहेत. दर तीन महिन्यांनी प्लग काढून, पेटीचे बाजूचे झाकण उघडून, मऊ कुंचल्याने व हवेच्या ब्लोअरने धूळ काढावी. वारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. अन्यथा ते अतिवेगाने फिरून खराब होते. पेटीच्या मागे व बाजूला निदान वीतभर मोकळी जागा असावी. बंद कपाटात किंवा भिंतीला चिकटून ती ठेवू नये. पुष्कळ घरांत संगणकावर हौसेने विणलेले आच्छादन घातले जाते. ते यंत्र बंद असताना शोभते, चालू असताना मात्र ते काढलेच पाहिजे. लॅपटॉप उशीवर, गोधडीवर ठेवून वापरू नये. प्रोसेसरवरील पंखा फिरतो किंवा नाही ते पाहावे आणि यंत्र चार-पाच वर्षांचे झाले असेल तर त्याखालील सुकलेली थर्मल पेस्ट जाणकाराकडून बदलून घ्यावी.

उष्णतेची खातरजमा करण्याची एक सोपी युक्ती आहे. झाकण उघडे ठेवून समोर टेबल-पंखा लावावा. एरवी अर्ध्या तासात बंद पडणारे यंत्र आता दोन तास चालले, तर कारण सापडले. मात्र झाकण कायमचे उघडे ठेवू नये. उबेच्या शोधात मुंग्या, झुरळे आणि पाली आत शिरतात. मदरबोर्डावर मेलेली पाल दोन सांधे जोडून यंत्र बंद पाडते.

पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी तासभर चालविणे हितावह होय. आतील ऊब ओलावा घालविते. विजांचा कडकडाट सुरू होताच मात्र प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढावीत. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नसते.

रॅम व सांध्यांची तपासणी

रॅमच्या पट्टीवरील सोनेरी सांध्यांवर दमट हवेने बारीक थर जमतो आणि संगणकाची स्मृती मध्येच दगा देते. त्यासाठी प्लग काढून, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज संपवावी. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर विद्युत घालवावी. मग दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून रॅम काढावी, सांधे मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत, चुरा झटकावा आणि खिट्ट्यांचा ‘टक्‌’ आवाज येईपर्यंत ती परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. दोषी पट्टी कोणती ते अशाने निश्चित कळते. विंडोजमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची चाचणी विनामूल्य उपलब्ध आहे. ती रात्री लावून ठेवावी. चाचणीत एकही चूक निघाली तरी ती पट्टी बदलावी.

यंत्राचा दोष की आज्ञावलीचा?

हा प्रश्न सोडविण्याची एक नामी कसोटी आहे. संगणक सुरू होताच ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ कळ दाबून त्याच्या मूळ मांडणीचे, म्हणजे बायोसचे, पान उघडावे आणि तेथेच अर्धा-पाऊण तास थांबावे. या वेळी विंडोज सुरूच झालेली नसते. तरीही यंत्र आपोआप बंद होऊन सुरू झाले, तर दोष यंत्राचा आहे. तेथे ते स्थिर राहिले, तर यंत्र सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. कारण तेथे त्याच्यावर फारसा भार नसतो. परंतु आज्ञावलीकडे पाहण्याची वेळ झाली, एवढे नक्की.

विंडोज स्वतःही एक दैनंदिनी लिहीत असते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखालील ‘सिस्टिम’ येथे जावे व बिघाडाच्या वेळेजवळील ओळी पाहाव्यात. तेथे १०७४ हा क्रमांक आढळला, तर एखाद्या आज्ञावलीने किंवा नव्या सुधारणा बसविण्यासाठी कार्यप्रणालीनेच रीतसर यंत्र पुन्हा सुरू केले, असा अर्थ होतो. अशा वेळी सुधारणांची वेळ रात्रीची ठरवून द्यावी. ‘कर्नल-पॉवर’ या नावापुढे ४१ क्रमांक असेल, तर यंत्र रीतसर बंद न होता मध्येच थांबले एवढेच त्यावरून कळते. मागेपुढे दुसरी कोणतीही चूक नोंदली गेली नसेल, तर बहुधा वीज, एसएमपीएस किंवा उष्णता यांपैकी कशाकडे तरी परत वळावे.

विंडोजमध्ये गंभीर चूक झाली की यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी मांडणी मुळातच केलेली असते. त्यामुळे निळ्या पडद्यावरील सूचना वाचावयास मिळत नाही. ‘धिस पीसी’च्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, त्यात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आणि ‘सेटिंग्ज’ या क्रमाने गेल्यावर ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या शब्दांपुढील खूण काढावी. पुढच्या वेळी पडदा स्थिर राहील. त्यावरील सांकेतिक शब्द वहीत उतरून घ्यावा अथवा भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र घ्यावे. तज्ज्ञाला त्या एका ओळीवरून निम्मे निदान करता येते.

आज्ञावलीचा दोष किती दूरवर पोहोचू शकतो, याची दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा उपद्रवी संगणकविषाणू जगभर पसरला. त्याच्या तावडीत सापडलेल्या संगणकांवर साठ सेकंदांची उलटगणती दिसे आणि यंत्र पुन्हा सुरू होई. कित्येकांनी त्या वेळी विनाकारण यंत्राचे भाग बदलले. खरा उपाय विंडोजची सुधारणा बसविण्याचा होता. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीत एक सदोष सुधारणा गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लक्ष संगणक निळा पडदा दाखवीत पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. ‘सेफ मोड’मध्ये जाऊन सदोष फाइल काढल्यावर ती यंत्रे पूर्ववत झाली. म्हणून एखादी नवी आज्ञावली, ड्रायव्हर किंवा सुधारणा बसविल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर ‘सेफ मोड’मध्ये जाऊन ती काढून पाहावी. चोरीच्या प्रतींतून घेतलेली कार्यप्रणाली टाळावी. तिच्याबरोबर कोणते पाहुणे घरात येतात, ते सांगता येत नाही. विंडोज १० ची नियमित सुधारणा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हेही जुनी यंत्रे वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

एका वेळी एकच बदल

या सर्व शोधात एक नियम कसोशीने पाळावा : एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम दोन दिवस पाहावा. एकाच दिवशी रॅम पुसली, प्लग बदलला आणि विंडोजही नव्याने बसविली, तर यंत्र सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही. आणि तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. शाळेतील विज्ञानशिक्षकांना येथे एक आयताच प्रयोग उपलब्ध आहे. निरीक्षण, तर्क, कसोटी आणि निष्कर्ष या चार पायऱ्या विद्यार्थ्यांना शाळेतील नादुरुस्त संगणकावर शिकविता येतील. यंत्र उघडण्याचे काम मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि प्लग काढूनच व्हावे.

दुरुस्तीस देताना

घरगुती उपायांनी गुण आला नाही, तर यंत्र सिल्वासा किंवा वापीच्या बाजारात जाणकाराकडे न्यावे. त्यापूर्वी आपली कागदपत्रे, छायाचित्रे व हिशेब पेनड्राइव्हवर किंवा बाहेरील डिस्कवर उतरवून घ्यावेत. नोंदींची वही सोबत द्यावी. ‘संगणक बिघडला आहे’ असे सांगण्याऐवजी ‘दुपारी वीस मिनिटांनी बंद पडतो, पंखा लावल्यास पडत नाही’ असे सांगितले, तर वेळ व खर्च दोन्ही वाचतात. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि पक्के बिल घ्यावे. सेवेत फसवणूक झाली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. निकामी बॅटरी व सुटे भाग मात्र उकिरड्यावर किंवा नदीकाठी टाकू नयेत. त्यांतील शिसे माती व पाणी दूषित करते. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडे परत द्यावी आणि इतर भाग अधिकृत संकलन केंद्रावर जमा करावेत.

दोष सापडेपर्यंतच्या काळात दर पाच-दहा मिनिटांनी ‘कंट्रोल’ व ‘एस’ या कळा दाबून काम जतन करण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी. अर्जाची शेवटची तारीख असेल, तर त्या दिवशीची वाट न पाहता तो दोन दिवस आधीच भरावा आणि त्याची एक छापील प्रत घरी ठेवावी.

संगणकाच्या आत काय चालते, ते सर्व सामान्य माणसास समजावे अशी अपेक्षा नाही. बैलगाडीचे चाक करकरू लागले की शेतकरी नवी गाडी घेत नाही. आधी वंगण पाहतो, मग आरे पाहतो, मग आस पाहतो. हीच परंपरागत व्यवहारबुद्धी आपण या नव्या यंत्रापुढे विसरू नये. क्रमाने पाहणारा, नोंद ठेवणारा आणि घाईने पैसा न टाकणारा मनुष्य आपल्या यंत्राचा धनी राहतो. घरोघरी संगणक पोहोचला आहे. आता ही दृष्टीही घरोघरी पोहोचावी.